सोनेरी तास आणि आपली पंचवीस मिनिटे

वाचकांचे प्रश्न : प्रवासातील निसर्गचित्रण

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न नेहमीप्रमाणे होताच. त्याचे उत्तर या सदरात अनेकदा दिलेले असल्याने ती पत्रे या वेळी बाजूला ठेवली आहेत. उरलेल्या पत्रांत एकच हळहळ निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटली : जागा सुंदर होती, कॅमेरा हाताशी होता, पण हवे ते ऊन हातचे निसटले. म्हणून हा अंक त्या उन्हासाठी.

प्रश्न : परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सूर्यास्तापूर्वीच्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. माथेरानला त्या हिशेबाने मी बरोबर एक तास आधी जागेवर जाऊन फोटो काढू लागलो. पहिला अर्धा तास ऊन पांढरेच होते आणि ते पिवळे झाले असे वाटेपर्यंत सारे संपले. माझे काय चुकले? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही, त्या पुस्तकाचे अक्षांश वेगळे होते, इतकेच. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत आला की ऊन पिवळे होते आणि सावल्या लांबतात. लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरात सूर्य बराच तिरका उतरतो, त्यामुळे हे सहा अंश उतरायला त्याला मार्च महिन्यात चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि हिवाळ्यात त्याहूनही अधिक. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य जवळजवळ सरळ खाली येतो आणि तेवढेच अंतर पंचवीस-सत्तावीस मिनिटांत कापतो. सूर्यबिंब समुद्राला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत तर जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात लेन्स बदलायला घेतली तर ती बसेपर्यंत बिंब बुडालेले असते. ‘सोनेरी तास’ हा शब्द मराठीत आणताना त्यातला तास आपण तपासूनच घेतला नाही, असे मला नेहमी वाटते.

वेळ थोडी असल्यामुळे तयारी आधी करावी लागते, आणि तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. तीत रोजचा सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय छापलेला असतो. आपण मात्र ती संकष्टीपुरती पाहतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तर जूनमध्ये सहाच्या सुमारास; सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहालाच होतो, जुलैच्या आरंभी मात्र सात वाजून वीस मिनिटांपर्यंत लांबतो. गेल्या सहलीची वेळ या सहलीला चालवून घेता येत नाही, ती यामुळे.

दुसरी गोष्ट दिशेची. सूर्य ‘पश्चिमेला’ मावळतो हे शाळेतले उत्तर झाले. मुंबईत डिसेंबर आणि जून या दोन टोकांत मावळतीची जागा सुमारे पन्नास अंशांनी सरकते. मरीन लाइन्सजवळच्या कट्ट्यावर डिसेंबरात बसलात तर सूर्य मोकळ्या समुद्रात बुडतो. मे महिन्यात त्याच कट्ट्यावर, त्याच जागी बसलात तर तो मलबार हिलच्या मागे जातो. अशा वेळी नरीमन पॉइंटच्या टोकापर्यंत चालत जावे, म्हणजे टेकडी उजवीकडे सरते आणि समुद्र पुन्हा मोकळा होतो.

डोंगरात आणखी एक भर पडते. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. समोर डोंगराची रांग असेल तर आपला सूर्यास्त त्याआधीच होतो. हात पुढे ताठ करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, आणि आपल्या अक्षांशावर मावळतीकडे जाणारा सूर्य तेवढे अंतर पाऊण तासाला थोडे कमी, इतक्या वेळात उतरतो. सूर्य आणि समोरची डोंगरकड यांच्यात एकच मूठ मावत असेल, तर चहा मागवू नये. माथेरानला पुन्हा जाल तेव्हा पहिला अर्धा तास जागा निवडण्यात, तिपाई रोवण्यात आणि चौकट ठरवण्यात घालवावा. ऊन पिवळे होईल त्या वेळी आपल्या हातून फक्त शटर दाबायचे काम उरले पाहिजे.

प्रश्न : सूर्य बुडाल्यावर किती वेळ थांबावे? बरोबरची मंडळी निघण्याची घाई करतात. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : किमान वीस मिनिटे. मी हे एका संध्याकाळची किंमत मोजून शिकलो आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर सूर्य राखाडी धुरकटीत विरून गेला, आता काही होणे नाही असे समजून मी तिपाई मिटली आणि श्रीवर्धनकडे जाणारी एसटी पकडली. दहा मिनिटांनी मागच्या सीटवरचा एक मुलगा ‘आई, बघ’ म्हणाला म्हणून वळून पाहिले, तर गाडीच्या धुळकट मागच्या काचेत अख्खे आकाश शेंदरी झालेले होते. त्या काचेतून काढलेला फोटो माझ्याजवळ आहे. त्यात एका बोटाने कोणीतरी गिरवलेले नाव आकाशापेक्षा स्पष्ट दिसते.

याचे कारण साधे आहे. जमिनीवरच्या माणसासाठी सूर्य बुडाला तरी आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या विरळ, पिसांसारख्या ढगांना तो आणखी दहा-पंधरा मिनिटे दिसत राहतो, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश हवेच्या दाट थरांतून आडवा आलेला असल्याने त्यातला निळा भाग वाटेतच विखुरलेला असतो. ढगांची पोटे खालून उजळतात ती तेव्हा. अट इतकीच की मावळतीकडे क्षितिजाशी फट असावी. तिथे ढगांची भिंत असेल तर वरचे ढग कितीही देखणे असोत, ते रंगत नाहीत. म्हणून थांबायचे की निघायचे हे डोक्यावर पाहून नव्हे, तर क्षितिजाकडे पाहून ठरवावे.

आणि थांबलातच तर एकदा पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. आकाश निरभ्र असेल तर क्षितिजाशी एक करडी-निळी पट्टी आणि तिच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. ती करडी पट्टी म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीचीच सावली. सिंहगडावर किंवा राजमाचीवर मावळतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गर्दीच्या मागे हे रोज घडत असते.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. सूर्यास्ताचे रंग डोळ्यांना दिसतात तसे येत नाहीत. आकाश तरी पांढरे होते, नाही तर सगळेच फिके निळसर येते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रथम फोनची मागची काच पुसावी. हे गमतीने म्हणत नाही. वडापाव खाल्लेल्या बोटाचा एक ठसा त्या इवल्याशा काचेवर असला की सूर्याभोवती दुधी झाक पसरते, आणि माणूस दोष कॅमेऱ्याला देतो.

आता आपल्या दोन्ही तक्रारींकडे वळतो, कारण त्या दोन वेगळ्या कारणांनी होतात. आकाश पांढरे होते ते फोन काळोख्या जमिनीला उजळ करू पाहतो म्हणून. पडद्यावर सूर्याच्या थोडे बाजूला, आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवून दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये त्याने प्रकाश आणि फोकस दोन्ही त्या जागी कुलूपबंद होतात. मग बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढून चित्र गडद करत न्यावे, आकाशात रंग परत येईपर्यंत. जमीन काळी पडेल, तर पडू द्यावी. माडाची झावळी, होडीचा नाळ, कट्ट्यावर बसलेली माणसे यांच्या काळ्या आकृतीच अशा चित्राला धरून ठेवतात. एचडीआर (चित्राचे गडद आणि उजळ दोन्ही भाग सावरणारी सोय) चालू असेल तर फोन ही काळी आकृतीही उजळवू पाहतो, तेव्हा तो बंद करता येत असल्यास बंद करावा.

निळसरपणाचे कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणारी सोय. पिवळा प्रकाश दिसला की फोन त्याला ‘चूक’ समजून दुरुस्त करतो, आणि ज्यासाठी आपण डोंगर चढून आलो तेच तो पुसून टाकतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स साडेपाच हजार केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, ठेवून द्यावा. ऊन पिवळे असेल तर ते पिवळे येईल. कॅमेरा वापरणाऱ्यांनी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घेतली तर हा निर्णय घरी जाऊनही करता येतो. पण माझे मत असे की जागेवरच तो ठरवावा, कारण चार दिवसांनी संगणकासमोर बसल्यावर ते ऊन नेमके किती पिवळे होते हे कोणालाच आठवत नाही आणि मग प्रत्येक संध्याकाळ हळदीत बुडवलेली निघते.

प्रश्न : पोलरायझर फिल्टर घ्यावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्यावा. लेन्सपुढे बसवून फिरवायची ही काच परावर्तित चकाकी कापते. हा फिल्टर निळ्या आकाशासाठी कमी, पावसाळ्यासाठी अधिक वापरावा. ओल्या पानांवरची आणि भिजलेल्या काळ्या कातळावरची पांढरी चकाकी त्याने जाते आणि सह्याद्रीचा खरा हिरवा रंग खालून वर येतो. त्याच्या बदल्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) द्यावा लागतो. इंद्रधनुष्यापुढे मात्र सांभाळून : इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असल्याने फिल्टर चुकीच्या कोनात फिरला तर अख्खे धनुष्य चौकटीतून नाहीसे होते. जाता जाता हेही सांगतो की इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून बेचाळीस अंशांवर उमटते, म्हणून सूर्य त्याहून वर असताना सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही. दुपारी शोधू नये. सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचे इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारे गोल रंगीत कडे, तेही सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच दिसते. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सकाळचे कोवळे ऊन पाठीवर आणि खालच्या दरीत दाटलेले धुके, हे दोन्ही एका वेळी लाभावे लागते.

प्रश्न : आम्ही कुटुंबासह ठरावीक सहलीने प्रवास करतो. प्रत्येक ठिकाणी बस भर दुपारी पोहोचते आणि ऊन कलायच्या आत निघते. अशा वेळी काय करावे? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास असाच होतो, आठवडाभर एका तळ्याकाठी तंबू ठोकून बसणारे छायाचित्रकार पुस्तकांत भेटतात. सहलीच्या कार्यक्रमात पहाट बहुधा मोकळी असते. नाश्ता आठला, बस नऊला. मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर पूर्व कोणती आणि चालत दहा मिनिटांत मोकळी जागा कोणती, एवढे रात्रीच विचारून ठेवावे, आणि घरची मंडळी झोपेत असताना झुंजुमुंजू होताच बाहेर पडावे. प्रसिद्ध ठिकाण हाती लागणार नाही. गावाबाहेरचे शेत, धुरातून उठणारी कौले, तळ्यावरची वाफ लागेल. माझ्या संग्रहातली बरीचशी बरी चित्रे अशी, लॉजपासून हाकेच्या अंतरावरची आहेत.

दुपारची वेळ वाया जाते असेही समजू नये. त्या उन्हात दूरचा डोंगर सपाट आणि फिका दिसतो हे खरे, पण आकाशात तुटक ढग असतील तर त्यांच्या सावल्या डोंगरउतारावरून सरकतात, आणि एका क्षणी सारा पठार सावलीत असताना एकच वाडी किंवा एकच सोंड उन्हात उभी राहते. ढगाची सावली कोणीकडे चालली आहे हे दोन मिनिटे पाहिले की ती आपल्याला हव्या त्या जागेवरून केव्हा हटेल याचा अंदाज येतो. चौकट लावून ठेवावी आणि वाट पाहावी. बसवाल्याने हॉर्न देण्यापूर्वी असे एक-दोन क्षण सहसा मिळतात. श्रावणात तर हा ऊन-पावसाचा खेळ दिवसभर चालतो, आणि कास पठारावर ढगाळ दुपार कडक उन्हापेक्षा कितीतरी बरी, कारण फुलांचे रंग मऊ उजेडातच भरून येतात.

बसमधून किंवा गाडीतून काढायचे झाल्यास काचेला लेन्स जवळजवळ टेकवावी, आतले दिवे आणि अंगावरचा पांढरा शर्ट यांचे प्रतिबिंब टाळावे, आणि शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा मंद ठेवू नये. कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाताना संध्याकाळचे ऊन उजव्या खिडकीला असते. तिकीट काढताना हे कोणी पाहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडताच लेन्सवर धुके येते. लेन्स खराब झाली आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : नाही. एसी खोलीत गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतली वाफ जमते, एवढेच. पुसत बसू नये. पुसल्यावर ती पुन्हा जमते आणि तोवर उजाडून जाते. निघण्याच्या अर्धा तास आधी बॅग चेन बंद ठेवूनच बाल्कनीत किंवा न्हाणीघरात ठेवावी, म्हणजे कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. मुंबईत खरी भीती बुरशीची. कातडी पेटीत, कपाटाच्या तळाशी लेन्स ठेवून देणे म्हणजे बुरशीला घर देणे. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणारे सिलिका जेल पुरते. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. डब्यातली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम, आणि लेन्स वापरात राहिली तर सर्वांत उत्तम.

प्रश्न : ओल्या वाळूत आकाशाचे प्रतिबिंब पडलेले फोटो पाहतो. मी अक्सा किनाऱ्यावर तीनदा गेलो. दोनदा वाळू कोरडी आणि एकदा पाणी थेट वरपर्यंत. यामागे काही गणित आहे का? — एक वाचक, मालाड

उत्तर : आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आले आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी दूर गेलेले आणि वाळू नुकतीच उघडी पडलेली हवी असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस निवडावेत. अष्टमीच्या संध्याकाळी गेलात तर पाणी वरपर्यंतच मिळणार. हा ढोबळ हिशेब आहे. पाण्याजवळ उतरण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक अवश्य पाहावे, आणि पावसाळ्यात अक्साच्या पाण्यात पाऊल घालूच नये.

प्रश्न : पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो काढला की चंद्र पांढरा ठिपका येतो आणि शहर काळे. दोन्ही एकत्र कसे साधतात? — एक वाचक, परळ

उत्तर : पौर्णिमेला काढू नका, चतुर्दशीला काढा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो आणि तो इमारतींच्या वर येईपर्यंत खाली अंधार पडलेला असतो. चंद्र मात्र तेव्हाही उन्हातच असतो, कारण त्याच्यावर पडलेला उजेड सूर्याचाच. एकाला भर उन्हाचे एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते माप) हवे आणि दुसऱ्याला रात्रीचे. कोणताही कॅमेरा ही दरी एका चित्रात सांधू शकत नाही. आदल्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या साधारण पाऊण तास आधी उगवतो, म्हणून शहरावर शेवटचे ऊन असताना तो वर आलेला असतो आणि दोघांचा उजळपणा जुळतो.

अमेरिकी छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे चित्र या विषयात अपरिहार्यपणे आठवते. रस्त्याने जाताना त्यांना दफनभूमीतल्या क्रूसांवर शेवटचे ऊन दिसले. घाईत प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून त्यांनी एक्स्पोजर ठरवले आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. तारीख त्यांनी टिपून ठेवली नव्हती. चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून खगोलशास्त्राच्या आधारे ती पुढे काढली गेली, १ नोव्हेंबर १९४१. त्या चित्रातला चंद्रही पूर्ण भरलेला नाही, हे मुद्दाम पाहावे.

मुंबईत यासाठी मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कासारखी जागा दुसरी नाही, कारण तिथून आपण पूर्वेकडे पाहतो आणि मावळतीचे ऊन आपल्या पाठीमागून शहरावर पडते. रुंद लेन्सने चंद्र साबुदाण्याएवढा येतो. लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लेन्थला एकशेदहाने भागले की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, चंद्राचा व्यास किती मिलिमीटर पडेल हे कळते. दोनशे मिलिमीटरची लेन्स असेल तर पावणेदोनच्या आसपास. त्यापेक्षा लहान लेन्सने चंद्राचा नाद सोडून आकाशाचा फोटो काढावा. एक्स्पोजरची सुरुवात आयएसओ (संवेदनक्षमता) १००, एफ ११ (लेन्सचे छिद्र) आणि शटरसाठी सेकंदाचा शंभरावा भाग येथून करावी आणि चंद्रावरचे डाग दिसतील इतकेच उजळ ठेवावे.

पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते, म्हणून कोजागरीच्या आदली संध्याकाळ मी दरवर्षी राखून ठेवतो. पंचांगातला चंद्रोदय सूर्यास्ताच्या आधीचा आहे ना, एवढे ताडून पाहावे. चंद्र गिरगाव-ग्रँट रोडच्या बाजूने इमारतींच्या मागून वर येतो, तेव्हा तो छापील वेळेपेक्षा काही मिनिटे उशिराच दिसणार हे धरून चालावे. मसाला दूध दुसऱ्या रात्री आटवावे. कठड्याशी जागा मात्र आदल्या दिवशी पाच वाजताच धरावी लागते, नंतर तिथे सेल्फी काढणाऱ्यांची रांग लागते.